मदत हवी आहे: निम्मे स्पोअर्स जागेच होत नाहीत, पण त्यांनी अलानिन "मोजून" ठेवलेलं असतं का?

नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियाच्या स्पोअर्सचं (निपचित, कडक कवचातल्या पेशी) जर्मिनेशन, म्हणजे जागं होणं, बघतेय आणि दोन आठवडे एकाच जागी अडकलेय. स्पोअर्स धुऊन ७० डिग्रीला अर्धा तास हीट ॲक्टिव्हेशन, मग बर्फात गार करून बफरमध्ये १० मिलीमोलर एल-अलानिन (त्यांना जागं करणारं अमिनो ॲसिड). ओडी (सस्पेन्शनचा गढूळपणा, स्पोअर्स जागे झाले की उतरतो) आधी झपकन उतरते आणि मग मधेच थांबते. फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली बघितलं तर निम्मे काळे पडलेत, म्हणजे त्यांच्यातलं कॅल्शियम-डायपिकोलिनिक ॲसिड (डीपीए) बाहेर गेलं, पाणी आत शिरलं, ते जागे झाले. बाकीचे रात्रभर ठेवले तरी तसेच चकचकीत.

पहिला संशय डी-अलानिनचा आला. स्पोअरच्या अंगावरच रेसिमेझ नावाचं एन्झाइम असतं, ते एल-अलानिनचं डी (त्याचं आरशातलं रूप) करतं आणि डी-अलानिन जर-ए रिसेप्टर (अलानिन ओळखणारं प्रोटीन) अडवतं, म्हणजे गर्दी झाली की हेच एकमेकांना झोपवतात. सस्पेन्शन पातळ केल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही. रेसिमेझ बंद करायला डी-सायक्लोसेरिन वापरतात ते कोणी केलंय का, किती घालता?

दुसरी शक्यता, या उरलेल्यांत रिसेप्टरच कमी असतील (सुपरडॉर्मंट म्हणतात ते). ते तपासायला अस्पराजिन-ग्लुकोज-फ्रुक्टोज-पोटॅशियमचं मिश्रण देणार आहे कारण ते जर-बी आणि जर-के या दुसऱ्या रिसेप्टर्सवरून जातं, आणि कंट्रोल म्हणून बाहेरून ६० मिलीमोलर कॅल्शियम-डीपीए, त्याला रिसेप्टर लागतच नाहीत, सरळ कॉर्टेक्स (स्पोअरचं आतलं जाड आवरण) तोडणारं सीडब्ल्यूएलजे हे एन्झाइम कामाला लागतं.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तोच डोक्यातून जात नाहीये. २०२२ साली सायन्समध्ये सॅन डिएगोच्या ग्रुपचा पेपर आला, त्यात अलानिनचे छोटे छोटे डोस दिल्यावर बहुतेक स्पोअर्स जागे झाले नाहीत, पण प्रत्येक डोसला थोडं पोटॅशियम बाहेर सोडून ते उंबरठ्याच्या जवळ सरकत गेले असं दाखवलंय. आत चयापचय जवळजवळ बंद, तरी हिशेब चालू, कारण पोटॅशियम स्पोअर तयार होतानाच भरून ठेवलेलं असतं आणि उतारावरून पाणी वाहावं तसं आपोआप बाहेर येतं, त्याला नवीन एनर्जी लागत नाही. मला हे वाचून खरंच भारी वाटलं, वर्षानुवर्षं निपचित पडलेली गोष्ट आणि तिला मागचं लक्षात राहतं!

मग माझे हे चकचकीत उरलेले स्पोअर्स धुऊन पुन्हा अलानिन दिलं तर ते नव्या कोऱ्या स्पोअर्ससारखे धरायचे की अर्धी वाट चाललेले? मी काल तेच वापरून दुसरं रीडिंग घेतलं आणि आता ते बाद करावं लागेल अशी भीती वाटतेय. धुतल्यावर, ४ डिग्रीला ठेवल्यावर ही आठवण किती टिकते, कोणी स्वतः करून बघितलं असेल तर प्लीज सांगा, बफर कुठला आणि त्यात पोटॅशियम होतं का तेही लिहा, माझा पोटॅशियम फॉस्फेटचा आहे आणि आता तोच नडतोय की काय असं वाटायला लागलंय.