टँक मोडू नका, प्लास्टर निघेपर्यंत निभतं

मनगटाला प्लास्टर आहे, महिना दीड महिना हात चालणार नाही तर रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) मोडून टाकू का असं विचारलंय तुम्ही, तर अजिबात नको. मागच्या पावसाळ्यात मी कोपरखैरण्यात सोसायटीच्या जिन्यावरून घसरलो, उजवा हात सहा आठवडे गळ्यात, आणि घरी 90 लिटरचा टँक.

मोठी अडचण पाणी बदलायची नाही, रोजच्या टॉप-अपची. पाणी थंड ठेवायला टँकवर पंखा लावला की दिवसाला दीडेक लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणजे खारेपणा चढतो, म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, मिठाच्या नाही (बायकोला हे तीनदा सांगावं लागलं, तिचंही बरोबर, समुद्राच्या टँकात गोडं पाणी कोण घालतं). रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) 1.025 दिसलं की झालं. 20 लिटरचा कॅन उचलायच्या भानगडीत पडू नका, पाच पाच लिटरचे दोन कॅन साधारण एका आठवड्याला पुरतात. खाणं निम्म्यावर आणा, मासे मरत नाहीत त्याने.

आणि एक सिरियसली सांगतो, खरचटलेला किंवा टाके असलेला हात टँकमध्ये घालायचाच नाही. खाऱ्या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम या जिवाणूचं इन्फेक्शन महिनोनमहिने जात नाही, आणि झोआंथिड (प्रवाळासारखे छोटे जीव) असतील तर त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, जखमेतून गेलं तर अवघड. दुसऱ्या हातानेही लांब ग्लोव्हज घालूनच.

लाईट जाते तुमच्याकडे? मग बॅटरीवाला एअर पंप आधी घ्या, म्हणजे लाईट नसतानाही पाण्यात हवा जात राहते, बाकी काचेवर शेवाळ चढलं तर चढू दे.