क्रोशाची मोठ्ठी पोई (गोव्याचा कोंड्याचा गोल पाव) करायला घेतली, झाली टोपी. कुठं चुकतंय?

पोईवेडी (फोंडा)

मंडळी, नमस्कार. मदत हवीय आणि थोडी घाईची आहे, चवथीच्या (गणपतीच्या) आधी हे संपवायचंय.

आमच्या घराला जुना बाल्कांव (दारापुढची पडवी) आहे, दोन्ही बाजूंना सोपो (बांधीव बाक), चिऱ्यावर सिमेंट घोटलेले. पावसाळ्यात ते असे गार पडतात की बसल्यावर थंडी कंबरेत चढते. सासरे रोज संध्याकाळी तिथंच बसून पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलची पों-पों ऐकायची वाट बघतात. म्हणून डोक्यात आलं की त्यांना पोईच्याच आकाराची मोठी उशी विणून द्यावी, चांगली दीड फूट, गोल, फुगीर, कोंडा लावल्यासारखी.

मी क्रोशा करते पण आत्तापर्यंत तोरणं, रुमाल, बाळाचे मोजे एवढंच. उशी पहिल्यांदाच. नेटवर एका बाईंचा गोल उशीचा इंग्लिश पॅटर्न फुकट मिळाला, त्याप्रमाणे केलं. लोकर ८ प्लायची अ‍ॅक्रिलिक, दोन धागे एकत्र, सुई ६ एमएम. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणाऱ्या पहिल्या कड्यात) ६ डबल क्रोशे, मग प्रत्येक फेरीत ६ वाढवायचे असं लिहिलंय, मी मोजून मोजून तसंच केलं, कुठं एक टाका इकडचा तिकडे नाही. १२ फेऱ्या झाल्या, ७२ टाके आहेत. आणि हे सपाट बसायचं नावच घेत नाही. आधी वाटी झाली, मग टोप, आता धाकटीनं डोक्यावर घातली तर कानापर्यंत अगदी बरोबर बसली.

वर टाक्यांमधून बोट आरपार जातंय ते वेगळंच, त्यातून कापूस बाहेर डोकावणार नाही का? माझा हात सैल आहे की सुई चुकली? दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा उसवायची हिंमत नाही.

सुईदोरा (म्हापसा)

उसवू नकोस, आधी सांग, त्या पॅटर्नमध्ये ‘कलर’ शब्दाच्या स्पेलिंगमध्ये यू आहे का? आणि ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द अख्ख्या पॅटर्नमध्ये एकदा तरी आलाय का?

पोईवेडी (फोंडा)

यू आहे ताई. सिंगल क्रोशे कुठंच नाही. पण याचा काय संबंध?? 😅

सुईदोरा (म्हापसा)

हाच तर संबंध. तुझा हातही बरोबर आणि मोजणीही बरोबर, पॅटर्न ब्रिटिश आहे एवढंच. ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, म्हणजेच आपला मुका खांब. आपण यूट्यूबवर शिकलेल्या सगळ्या बायका अमेरिकन नावं धरून बसलोय, त्यामुळे डबल म्हटलं की आपण सुईवर वेढा घेऊन खांब घालतो. तू मुक्या खांबाच्या जागी खांब घातलेस. खांबाची उंची साधारण दुप्पट, मग टोपी होणार नाही तर काय.

ओळखायच्या खुणा लक्षात ठेव. टाका सोडायला ‘मिस’ म्हटलं असेल तर ब्रिटिश, ‘स्किप’ म्हटलं असेल तर अमेरिकन. ‘टेन्शन’ ब्रिटिश, ‘गेज’ अमेरिकन. आणि ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे नावाची भानगडच सहसा नसते, तो शब्द दिसला की समज अमेरिकन पॅटर्न आहे. मी ह्याच घोळात एकदा अख्खं टेबलक्लॉथ पलंगपोसाएवढं केलं होतं, अजून पेटीत पडलंय, कोणाला सांगितलं नव्हतं ते आज इथं सांगतेय.

अर्धाखांब

ताईंनी बरोबर पकडलं. मी शाळेत गणित शिकवतो आणि क्रोशा करतो (हो, पुरुष, हसा), तर ते ६ कुठून येतात हे सांगतो म्हणजे पुढं पॅटर्नची गरजच पडणार नाही.

वर्तुळाचा परीघ म्हणजे दोन पाय आर. त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढली की परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून प्रत्येक फेरीला ६ टाके जास्त लागतात. खांब दुप्पट उंच, म्हणून तिथं रिंगमध्येच १२ आणि दर फेरीला १२. तुम्ही उंची खांबाची घेतलीत आणि वाढ मुक्या खांबाची, परिघाला कापडच पुरलं नाही म्हणून ते वर वळलं. उलटं झालं असतं, म्हणजे मुक्या खांबात १२ वाढवले असते, तर झालर सुटली असती. वाटी झाली की वाढ कमी पडतेय आणि झालर झाली की जास्त, एवढंच डोक्यात ठेवा.

आता तुमच्या पोईचा हिशोब. दोन धागे, मुका खांब, घट्ट हात, एक फेरी साधारण पाऊण सेंटिमीटर धरू. ४५ सेंटिमीटर व्यास हवा तर ३० फेऱ्या, शेवटच्या फेरीत १८० टाके. एका बाजूला एकूण २७९० टाके, दोन बाजूंना ५५८०. चवथीपर्यंत होतील, रोज दोन-तीन फेऱ्या घातल्यात तर.

अजून एक, वाढ दरवेळी एकाच जागी आली की वर्तुळाचा षटकोन होतो, सहा कोपरे स्पष्ट दिसतात. म्हणून एक आड एक फेरीत वाढ सरकवायची. उदाहरणार्थ सहावी फेरी, ‘४ साधे, १ वाढ’ असं सहा वेळा असतं, त्याऐवजी २ साधे घालून सुरुवात करा, मग वाढ, मग ‘४ साधे, १ वाढ’ पाच वेळा, शेवटी उरलेले २ साधे. टाके ३६ च होतात पण कोपरा मोडतो.

पोईवेडी (फोंडा)

अरे देवा. सर, माझ्या शाळेत पाय आर असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते. 🙏 सुईदोरा ताई, तुमचं टेबलक्लॉथ बघायचंय.

बरं, आता भोकांचं सांगा. आणि आत काय भरू? घरात सावरीचा कापूस आहे गोणभर, शेताच्या बांधावर झाड आहे, उन्हाळ्यात बोंडं फुटतात तेव्हा सासूबाई जमवून ठेवायच्या.

ओलं_लाकूड (डिचोली)

सावरीचा कापूस सरळ क्रोशात भरलास तर आठ दिवसांत घरभर होईल, नाकातोंडात जाईल, भिंतीवरच्या फोटोंनासुद्धा दाढी येईल. तो इतका गुळगुळीत आणि हलका असतो की कुठल्याही भोकातून निसटतो. पण टाकू नकोस, सोनं आहे ते, त्याच्या धाग्यावर मेणासारखा थर असतो म्हणून तो पाणी धरत नाही. फक्त आत घट्ट विणीच्या कापडाचा अभ्रा पाहिजे. मांजरपाट धुऊन, आटवून घे, गोल कापून शीव, त्यात कापूस, आणि मग तो सगळा गोळा क्रोशाच्या कव्हरमध्ये. अभ्रा कव्हरपेक्षा दोन सेंटिमीटर मोठाच ठेव, नाहीतर उशी वरून सुरकुतते.

हे आतलं-बाहेरचं वेगळं असणं आपल्याकडे फार गरजेचं आहे. जून ते सप्टेंबर आपल्या घरात काय वाळतं सांग? मी पहिली उशी अभ्र्याशिवाय केली होती, साधा कापूस ठासून, ती एकदा धुतली आणि पाच दिवस फॅनखाली ठेवली, वरून वाळली, आतून नाही, आणि मग जो वास सुटला तो मी लिहीत नाही. कव्हर निघालं पाहिजे, बस. सावरीचा कापूस काही वर्षांनी दबतो, तेव्हा अभ्रा उसवून पिंजून परत भरायचा, आमची आजी दर मे महिन्यात करायची. धुवायची कटकट नको असेल तर फायबर घे, ते मशीनमध्ये जातं. पण ते पण बोटांनी मोकळं करून भर, गोळे तसेच कोंबलेस तर उशी बटाट्याच्या पोत्यासारखी लागते.

भोकांसाठी सुई लहान कर. दोन धाग्यांना ६ एमएम शालीसाठी ठीक, उशीसाठी ५ किंवा साडेचार. हात दुखेल. दुखू दे.

लोकरीचं_दुकान_घरात

वेल्वेट लोकर घे गं, इतकी मऊ होते ना, माझ्या मुलाचा डोनट मी त्यातच केलाय.

सुईदोरा (म्हापसा)

वेल्वेट पहिल्या उशीला नको. टाके डोळ्यांना दिसतच नाहीत, बोटांनी चाचपून मोजावे लागतात, आणि उसवायला गेलं की केस गळून नुसता दोरा हातात येतो. आणि पोई मऊ कुठं असते, पोई खरखरीत असते.

मुलगी, तू दोन धागे वापरतेसच ना? मग एक गव्हाळ घे आणि एक क्रीम. दोन्ही एकत्र विणले की आपोआप ठिपक्या-ठिपक्यांचं कापड होतं, कधी गडद वर येतो कधी फिका, हुबेहूब कोंडा भुरभुरल्यासारखं. वरून भरतकाम करत बसायला नको. मधे दोनतीन फेऱ्या गव्हाळच्या जागी जरा करडा तपकिरी धागा घातलास की भट्टीत लागलेला डाग. मात्र लेबलवरचा लॉट नंबर बघून सगळी लोकर एकदम घे, ४५ सेंटिमीटरच्या उशीला दोन्ही बाजू मिळून मला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लागली होती. मी एकदा दोन गुंड्या कमी पडल्या म्हणून पंधरा दिवसांनी परत गेले तर नंबर रंगाचा तोच पण लॉट वेगळा, उशी अर्धी ताजी पोई अर्धी शिळी पोई.

आणि इस्त्री फिरवायची नाही! अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री लागली की तो धागा कायमचा मरगळतो, शिजलेल्या शेवयांसारखा.

कोकणी_कडबोळं

पोई कशाला, बेबिंका (आपलं थराथरांचं गोड) करा की. २०२३ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय तिला. शिवाय नुसते सरळ पट्टे, एक गडद एक फिका, वर्तुळ नाही की पाय आर नाही. 😂

अर्धाखांब

बेबिंका खरंच सोपी आहे, पण सोळा थर म्हणजे पंधरा वेळा रंग बदलायचा आणि टोकं लपवायची. ज्यानं टोकं लपवलीत तोच जाणे.

@पोईवेडी, एक सांगायचं राहिलं, दोन सपाट चकत्या जोडून भरल्या की फुगल्यामुळे व्यास कमी होतो. ४५ ची केलीत तर भरल्यावर ३८-४० ची दिसेल. दीड फूट पक्की हवी असेल तर तीनचार फेऱ्या जास्त घाला. बाजूला पट्टी लावू नका, ती लावली की केक होतो. पोईला कड असते, दोन पापुद्रे मिटल्यासारखी.

पोईवेडी (फोंडा)

अपडेट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लोकर आणली, गव्हाळ आणि क्रीम, एकाच लॉटची. साडेचारची सुई. एक चकती झालीये, पाटावर ठेवली तर पाटासारखी सपाट!! सर, वाढ सरकवायची युक्ती जबरदस्त, कोपरा शोधून सापडत नाही.

पण घरात नवाच प्रॉब्लेम. सासऱ्यांना काल सांगितलं की ही तुम्हाला बसायला. त्यांनी चकती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, “पोयेर बसपाक जाता? अन्न तें!” (पोईवर बसता येतं का? अन्न आहे ते!) आणि बाजूला ठेवून दिली. मला हे सुचलंच नव्हतं. आता काय करू, तीस फेऱ्या घातल्यात.

ओलं_लाकूड (डिचोली)

बरोबर बोलले ते. आमच्याकडेही कोणी बसलं नसतं. पाठीला दे. सोपोवर बसायला दुसरी साधी चौकोनी गादी कर, जुन्या लुगड्याची, आणि पोई कंबरेमागे. पाठीमागे अन्न ठेवायला काही हरकत नसावी, पोदेर पण पाटी सायकलवर मागेच बांधतो.

सुईदोरा (म्हापसा)

हाहा. पाठीला देणार असशील तर जरा कमी भर, टम्म उशी पाठ पुढं ढकलते.

जोडताना १८० पैकी १२० टाके मुक्या खांबाने दोन्ही चकत्यांतून एकत्र जोड आणि ६० मोकळे ठेव, तिथून अभ्रा आत-बाहेर जाईल. चेन लावू नकोस, क्रोशा ताणला जातो आणि चेन ताणली जात नाही, शेवटी लाटा येतात. एका बाजूला लाकडी बटणं, दुसऱ्या बाजूला साखळीच्या कड्या. चार पुरे. आपण पोई सुरीनं फाडतो तशीच फट दिसेल ती.

पोईवेडी (फोंडा)

झाली!!! शेवटी ३३ फेऱ्या घातल्या, म्हणून १९८ पैकी ६६ मोकळे ठेवले. मांजरपाटाचा अभ्रा, सावरीचा कापूस, चार बटणं. सासरे आता पाठीला घेऊन बसतात. पहिल्या दिवशी दाबून बघितली आणि विचारलं, “ही भितर पोकळ ना गे?” (ही आतून पोकळ नाही गं?) मी म्हटलं फट आहे ना, तर त्या फटीत आता ते चष्म्याचं घर ठेवतात, बटणं लावतच नाहीत. काल अर्धा तास घरात चष्मा शोधत होतो, पोईत होता.

पोदेरानं सायकलवरूनच बघितलं आणि किती रुपये विचारले.

आणि ती पहिली टोपी उसवली नाही. भाच्यानं नेली, शिमग्याला घालणार म्हणे.

कोकणी_कडबोळं

पोदेराला काय सांगितलं? मला पण एक हवीय.

पोईवेडी (फोंडा)

२७९० गुणिले दोन सांगितलं, तो गेला.