तिबेटी काळं मातीचं भांडं, ह्यात कालवण केलं तर चालेल का?

जुळे_सोलापूरकर: भाऊ चीनमधला युन्नान प्रांत फिरून आलाय, शांग्रीलाजवळच्या नीशी भागातलं काळं मातीचं भांडं आणलंय, झाकणासकट, पोटावर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवलेत. दिसायला एक नंबर, पण आई म्हणते काळा ऑइलपेंट मारलाय, ह्यात कालवण नको. खरंच पेंट असतो का? आणि गॅसवर चालेल का?

डोंगरवाट: आईंना सांगा, धुराचा काळा आहे तो. तिथले तिबेटी कारागीर चाक न वापरता लाकडी थाप्यांनी माती ठोकून ठोकून आकार देतात, फुटक्या कपबशांचे तुकडे माती ओली असतानाच दाबून बसवतात, मग वाळवून उघड्यावर लाकडं रचून भाजतात आणि भांडं लालबुंद असतानाच भुशात गाडतात. हवा बंद झाली की धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत शिरतो, म्हणून रंग धुऊन जात नाही. 2008 साली चीनने ही कला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलीय. तिकडं ह्यातच कोंबडी शिजवतात, मंद आचेवर, घाई नाही.

चाकावरची_माती: आम्ही कुंभार, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या टायमाला संक्रांतीची काळी सुगडी करतो, तीपण अशीच, आवा म्हंजे भट्टी झाकून धूर कोंडायचा. लवकर उघडला की लाल डाग पडतात, सगळी मेहनत त्या झाकण्यात असते. पण चाकाशिवाय एवढं मोठं पोट एकसारख्या जाडीचं काढायचं म्हंजे त्या माणसाच्या हाताला मानलं पाहिजे, नुसतं शोपीस म्हणून ठेवू नका ओ. शंका असेल तर तळाला सुरीच्या टोकानं थोडं खरवडून बघा, पेंट असला तर पापडी सुटते.

जुळे_सोलापूरकर: खरवडलं, पापडी नाही, नुसती काळसर भुकटी आली. आता वापरायच्या आधी काय करू?

चुलीवरची_आमटी: रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी तांदळाची पेज करा त्यात, पिठानं छिद्रं भरतात आणि पाणी पाझरायचं कमी होतं. गॅस कायम सिमवर, खाली जाळी ठेवा, इंडक्शनवर चालणार नाही. रिकामं तापवू नका आणि गरम भांड्यात गार पाणी तर अजिबात ओतू नका, तडकलंच समजा. साबण मातीत मुरतो, त्यामुळे घासायला राख नाहीतर नुसतं गरम पाणी. पहिल्यांदा पातळ आमटी करा, मटण नंतर.