प्रतिसाद: पत्रकात शुभेच्छांपलीकडे काय छापावं

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कंपनी पत्रकात नुसत्या शुभेच्छा नकोत, मग काय टाकावं, असं तुम्ही विचारलंय. मी मराठवाड्यात, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत असतो, म्हणून सांगतो, पहिली जागा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला द्या. 1948 साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली, देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी आपण मराठवाडेकर मोकळे झालो. बाहेरून बदलून आलेल्या कित्येकांना हे दुसरं झेंडावंदन कशाचं, तेच कळत नाही. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यावर चार ओळी तरी हव्यातच.

सोयाबीन काढणीला येतं ते नेमकं नवरात्राच्या आगेमागे. वाळलेल्या शेंगांवर पाऊस पडला की दाण्याला जागेवरच कोंब फुटतात. अशा वेळी गंगापूर-पैठणकडची पोरं रजा टाकणारच, त्याला दांडी म्हणू नये. शिफ्ट बदलून घ्यायची सोय आधीच छापा.

खंडेनवमीच्या पूजेची वेळही लिहा. त्या दिवशी लेथ मशीन पुसून लख्ख करतात, चकला (काम पकडणाऱ्या फिरत्या भागाला) हळदकुंकू, वर झेंडूचा हार. कंत्राटी पोरंही तिथेच राबतात, पण मिठाईच्या यादीत त्यांची नावं नसतात. हे मला फार खटकतं.

आणि बोनस! किमान 8.33 टक्के. वर्षात 30 दिवस काम केलेला, पगारमर्यादेत बसणारा कंत्राटी कामगारही पात्र असतो. मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिन्यांची, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत. दिवाळीआधी जमा होणार असेल तर तारीख पहिल्याच पानावर ठळक द्या, घरचा किराणा-कपडा त्यावरच ठरतो.