आत्मा अमर आहे हे पाठ असूनही मरणाची भीती का जात नाही?

सायंतारा

आपल्याकडे घरात कुणी शेवटच्या आजारात असलं की उशाशी गीतेचा पंधरावा अध्याय सुरू होतो, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालतात. ‘आत्मा अमर आहे’ हे ज्याने आयुष्यभर ऐकलं, तोही त्या वेळी घाबरतो. मला यात शास्त्राचा पराभव दिसत नाही. पतंजलींनी योगसूत्रात (२.९) स्पष्टच म्हटलंय की जगण्याची ही ओढ विद्वानालाही सुटलेली नसते. म्हणजे नुसत्या माहितीने भीती जाईल असं परंपरेने कधी सांगितलंच नाही.

तिने सांगितला तो अभ्यास, आणि तोही धडधाकट असताना करायचा. १८९६ साली मदुराईत सोळा वर्षांच्या वेंकटरमणला, म्हणजे पुढच्या रमण महर्षींना, काही आजार नसताना एकाएकी ‘मी आता मरणार’ अशी भीती वाटली. त्यांनी डॉक्टर बोलावला नाही. जमिनीवर आडवे झाले, हातपाय ताठ केले, श्वास रोखला आणि स्वतःला विचारलं, हे शरीर मेलं तर ‘मी’ मेलो का? त्यानंतर ती भीती त्यांच्याकडे परत फिरकली नाही. तुकोबा ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ म्हणतात तेही जिवंतपणीच.

माझं म्हणणं एवढंच: मरणाशी ओळख आधी करून घ्यावी लागते. आपण ती शेवटच्या आठवड्यावर ढकलतो आणि मग गीतेकडून चमत्काराची अपेक्षा करतो.

कार्यकारण

असहमत. मरणाची भीती हा दोष नाही. ती आहे म्हणून आपण साप बघून मागे सरतो, रस्ता बघून ओलांडतो. ती घालवायची कशाला?

आणि परंपरेने भीती घालवली म्हणता, तर घरोघरी तेरा दिवस गरुडपुराण कोण वाचतं? वैतरणी नदी, यमदूत, एकेका पापाचा वेगळा नरक. वडील गेलेल्या पोराला हे ऐकवायचं? दहाव्याला घाटावर पिंड ठेवून सगळे हात जोडून उभे. कावळा शिवत नाही म्हणून लोक एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, ‘धाकट्याच्या लग्नाचं आम्ही बघू, काळजी करू नका.’ तरीही नाही शिवला तर दर्भाचा कावळा. त्या अर्ध्या तासात मुलाच्या मनात जे अपराधीपण शिरतं ते वर्षानुवर्षं निघत नाही. परलोक न मानणाऱ्या चार्वाकांनी विचारलं होतं, भस्म झालेला देह परत कुठून येणार? मला त्या प्रश्नातच जास्त निर्भयता दिसते.

माळकरी

कार्यकारण, गरुडपुराणाबद्दल तुमच्याशी वाद नाही. आमच्या घरी आम्ही ते बंद करून हरिपाठ ठेवला. कावळ्याचं मात्र मला पटत नाही. तो घाट ही एकच जागा आहे जिथे चारचौघांसमोर गेलेल्या माणसाशी बोलता येतं. ‘धाकट्याचं आम्ही बघू’ हे वाक्य खरं तर त्या धाकट्याला ऐकवलेलं असतं.

सायंतारा, तुम्हालाही एक सांगतो. ज्ञान झालं की रडू येत नाही असा अर्थ कुणी काढू नये. १२९६ साली आळंदीत माउलींनी समाधी घेतली, तिथे जमलेले सगळे पोचलेले संत होते. तरी नामदेवरायांचे समाधीचे अभंग वाचा: निवृत्तिनाथांसारखा गुरू कासावीस झालाय, संत डोळ्यांना पदर लावतायत. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं, तेव्हा सगळा मंडप रडतो. दुःख वेगळं, भय वेगळं. आमच्या संतांनी भय सोडलं, दुःख सोडलं नाही.

रात्रपाळी

मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. तुमचं सगळं वाचलं. मला दिसतं ते थोडं निराळं आहे.

माणसं मरणाला घाबरतात त्याहून जास्त मरण्याला घाबरतात. एक आजोबा होते, उशाशी गाथा, गळ्यात माळ. रात्री दोनच्या सुमाराला मला हळूच विचारलं, ‘सिस्टर, झोपेत श्वास अडकेल का हो? खूप दुखेल का?’ हेच त्यांनी संध्याकाळी मुलाला विचारायचा प्रयत्न केला होता. मुलगा म्हणाला, ‘असं अभद्र बोलू नका बाबा, आत्मा अमर आहे.’ विषय तिथेच संपला. मी खुर्ची ओढून बसले, त्यांना सांगितलं की दम लागला तर मॉर्फिनने आराम पडतो, मी इथेच आहे, मुलाला वेळेत बोलवेन. मग त्यांनी स्वतःच एक अभंग म्हटला. आधी ते उत्तर हवं होतं, अभंग नंतर.

सायंतारा, त्या मुलाने जे वाक्य वापरलं ते तुमच्याच बाजूचं होतं. त्याने बापाचं तोंड बंद केलं.

सायंतारा

रात्रपाळी ताई, हे मनाला लागलं. पण त्या मुलाचं वाक्य माझ्या बाजूचं नाही. कठोपनिषदात नचिकेता थेट यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि मरणानंतर काय, हेच विचारतो. यम त्याला हत्ती देतो, सोनं देतो, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं देतो, म्हणतो हे घे पण तेवढं विचारू नकोस. पोरगा हटत नाही. शेवटी यम त्याच्यावर प्रसन्न होतो. मरणाबद्दल विचारणं अभद्र असतं तर हे उपनिषदच झालं नसतं. ते आजोबा नचिकेत्याच्या जागी होते.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या आठव्या अध्यायावर बोलताना एकनाथांची गोष्ट सांगितली होती. एकाने नाथांना विचारलं, तुमचं जीवन इतकं निष्पाप कसं? नाथ म्हणाले, ते राहू दे, सात दिवसांनी तुझं मरण आहे. सातव्या दिवशी नाथ भेटायला गेले आणि विचारलं, या दिवसांत किती पापं केलीस? तो म्हणाला, पापाचा विचार करायला सवड कुणाला होती? मरण डोळ्यांपुढे असलं की माणूस कसा जगतो, ते हे.

कार्यकारण

ही गोष्ट तुमच्याच विरोधात जाते. तो माणूस घरी जाऊन निरवानिरव करतो आणि चक्क अंथरूण धरतो. तो घाबरून निष्पाप झाला. भीती गेली कुठे?

सायंतारा

मान्य, ती पहिली पायरी आहे. परीक्षितालाही सातच दिवस होते, तक्षकाचा दंश ठरलेला. पण भागवताच्या बाराव्या स्कंधात शुकाचार्य त्याला निक्षून सांगतात, ‘मी मरणार’ ही पशुबुद्धी टाक. तिथवर पोचायला दुसऱ्या स्कंधापासूनचं सगळं ऐकावं लागलं. आणि हे सगळं पोथीतच राहिलं असंही नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर औषध आणि अन्न नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. जे पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं, ते करून दाखवलं.

रात्रपाळी

विनोबांना ते निवडता आलं. माझ्या पेशंटला बहुतेकदा निवडू देत नाहीत, नळ्या घालतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली, शेवटी कोणते उपचार नकोत ही आपली इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. २०२३ पासून ते सोपंही झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. इथे कुणी कुणी लिहून ठेवलंय? मरणाचा अभ्यास म्हणता, तर मी यालाही अभ्यास म्हणेन.

कार्यकारण

ताईंच्या या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा, तो कागद मी या महिन्यात करतो. पण सायंतारा, विनोबा ८७ वर्षांचे होते, मागे संसार नव्हता. चाळिशीतली बाई, पदरात दोन लहान मुलं, तिला कॅन्सर झालाय. तिची भीती स्वतःसाठी नसतेच. ‘मी कोण’ हे विचारून तिला काय मिळणार? याचं उत्तर मला तुमच्या एकाही ग्रंथात अजून सापडलेलं नाही.

माळकरी

तिला ‘मी कोण’ विचारायला सांगूच नये. तिला हवंय ते दहाव्याच्या घाटावरचं वाक्य, आणि ते ती जिवंत असताना, तिच्या कानावर पडलं पाहिजे. मुलांचं आम्ही बघू. कोण बघणार, कसं बघणार, हे नावानिशी.