आईच्या उपासाला साबुदाण्याऐवजी कुट्टू चालेल का? (शुगर + ट्रायग्लिसराइड)

मुग्धा_नाशिक
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, शुगर आठ-नऊ वर्षांपासून. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.८ आलं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४०, बीपीची गोळी चालू आहेच. डॉक्टर म्हणाले उपास कमी करा, पण सोमवार, दोन्ही एकादश्या आणि नवरात्र हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम, तो सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खाते काय तर सकाळी साबुदाण्याची खिचडी, मधे बटाट्याचा कीस, रात्री भगर-आमटी. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर १८०-१९० ठरलेली. परवा दिल्लीची मावसबहीण आली तिने कुट्टूचं पीठ आणलं, म्हणे हार्टला आणि शुगरला एकदम चांगलं. मी हे पीठ कधी बघितलेलंच नाही, राखाडी रंग, मधेमधे काळे ठिपके. खरंच फायदा होतो का, आणि त्याचं करायचं काय?

यमुनापार
मुग्धाताई, मी वीस वर्षं नोएडात आहे, सासूबाई दर नवरात्रात हे करतात म्हणून आधी एकच कळकळीने सांगते, ते पीठ कधीचं आहे ते बहिणीला विचारा. कुट्टूचं पीठ फार लवकर खवट होतं आणि ओल लागली तर बुरशी. २०११ च्या चैत्र नवरात्रात दिल्ली आणि आसपास शेकडो माणसं कुट्टूच्या पुऱ्या खाऊन आजारी पडली होती, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं. मागच्या नवरात्रातलं उरलेलं पीठ असेल तर सरळ टाकून द्या, जीव हळहळला तरी. आम्ही अख्खे दाणे आणतो, तिकोनी असतात, निवडून मिक्सरवर लागेल तेवढेच काढतो आणि डबा फ्रीजमध्ये. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, जुन्या शेंगदाण्यासारखी चव लागली तर नको.

दुसरं म्हणजे इकडे सगळे कुट्टू खातात ते पुरी नाहीतर पकोडी करून, म्हणजे तळूनच, आणि ते आईंच्या काही कामाचं नाही. आपलं थालीपीठ करा. काकडी किसून, दाण्याचं कूट, जिरं, मिरची, सैंधव घालून कोमट पाण्यात भिजवा. नुसतं पीठ तुटतं कारण चिकटपणा अजिबात नसतो, म्हणून इथे उकडलेली अरवी म्हणजे आपली अळकुडी कुस्करून घालतात, दोघांपुरत्या पिठाला एक पुरते. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोक, चमचाभर तेल सोडून झाकण ठेवायचं. भिजवल्यावर पीठ काळपट होतं, घाबरू नका.

आहारवाली
माझं कामच हे, म्हणून जरा सविस्तर. कुट्टू म्हणजे बकव्हीट. नावात व्हीट असलं तरी गव्हाशी काही नातं नाही, आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं आहे, म्हणून तर ते धान्यात मोजत नाहीत. १०० ग्रॅम दाण्यात प्रोटीन साधारण १३ ग्रॅम, फायबर १०, मॅग्नेशियम २३० मिलिग्रॅमच्या आसपास. साबुदाण्यात १०० ग्रॅमला एक ग्रॅमही प्रोटीन नाही, निव्वळ स्टार्च. आईंची दुसऱ्या दिवशीची १९० त्यातूनच येत असणार, वर बटाटा.

हार्टचं म्हणाल तर चीनच्या नैर्ऋत्येला यी नावाचे लोक पिढ्यान् पिढ्या हे खातात, त्यांच्यातल्या ८५० जणांचा अभ्यास १९९५ मध्ये छापून आला. जास्त बकव्हीट खाणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं. २०१८ मध्ये बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा शुगर सरासरी १५ आणि एकूण कोलेस्टेरॉल १९-२० मिलिग्रॅमने कमी आलं, ट्रायग्लिसराइडही थोडं उतरलं, एलडीएलमध्ये मात्र ठाम फरक नव्हता. यात रुटिन नावाचं द्रव्य असतं त्याचं फार कौतुक होतं, पण ते भरपूर असतं कडू जातीत, हिमाचलात किन्नौरकडे जिला फाफरा म्हणतात तिच्यात. मला जास्त भरवसा फायबर आणि मॅग्नेशियमचा वाटतो.

पण ताई, यातही १०० ग्रॅमला ७० ग्रॅम कार्ब आहेत. खिचडीच्या *ऐवजी* खाल्लं तर फायदा, खिचडी खाऊन वर दोन थालीपिठं म्हणजे शुगर वाढणारच. मध्यम आकाराची दोन, सोबत वाटीभर दही, बास. पीठ फार चाळू नका, बरंच फायबर त्या काळ्या ठिपक्यांत आहे. आणि आईंना ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपासाच्या दिवशी डोस किती ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा, शुगर एकदम खाली जायची भीती असते.

योकोहामाची_सून
आमच्याकडे जपानात सोबा म्हणून याच्या शेवया रोज कुठे ना कुठे खातात, शेवया उकडलेलं पाणीसुद्धा जेवण झालं की पितात. पण इथे पाकिटावर सोबा आहे हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण काहींना याची ॲलर्जी होते आणि ती जोरात होते, घसा सुजून श्वास अडकेपर्यंत. माझ्या ओळखीच्या एका मराठी मुलाला पहिल्याच घासाला ओठ सुजले होते, लगेच दवाखान्यात न्यावं लागलं. आईंनी पहिल्यांदा खाताना छोटा तुकडाच खाऊ दे, घरात कोणीतरी असताना, आणि नवरात्राच्या पहिल्याच दिवशी नको, आधी एखाद्या साध्या दिवशी.

मुग्धा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला फोन केला, पीठ चार महिन्यांपूर्वीचं निघालं, टाकलं. तिलाच अख्खे दाणे पाठवायला सांगितले, गुरुवारी आले, आईला रात्री लिंबाएवढा गोळा थापून दिला, काही त्रास नाही. काल सोमवारी सकाळी दोन थालीपिठं आणि दही, रात्री अर्धी वाटी भगर, बटाटा बंद. आज उपाशीपोटी १५२. एका दिवसाचं काय धरायचं हे कळतं मला, म्हणून आता दर सोमवार-मंगळवारचे आकडे वहीत लिहून ठेवतेय, तीन महिन्यांनी एचबीएवनसी केलं की इथेच टाकते. आईला चव आवडली, फक्त म्हणाली पुढच्या वेळी मिरची जास्त घाल. आणि आहारवाली ताई, गोळी ग्लिमेपिराइडचीच आहे, उद्याच डॉक्टरांकडे जातोय.