मदत हवी आहे: नवा लॅपटॉप वर्गातील प्रोजेक्टरला जोडला, तरी 'नो सिग्नल' जात नाही

भूगोलवाली (गुरुवार, सायं. ६.१०)
नमस्कार. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एका वर्गात छताला प्रोजेक्टर बसवलेला आहे. जुन्या लॅपटॉपवर चार वर्षे कोणतीही अडचण आली नाही. गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला आणि तेव्हापासून पडद्यावर 'नो सिग्नल' एवढेच दिसते. कनव्हर्टर विकत आणून लावला, तरी फरक नाही. सोमवारी पहिल्याच तासाला बारावीला मोसमी वाऱ्यांचा पाठ सादरीकरणासह घ्यायचा असून प्राचार्य वर्गात बसणार आहेत. कृपया नेमका उपाय सांगावा. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मात्र देऊ नये. ते तीनदा झाले आहे.

तारतंत्री (सायं. ६.३२)
मॅडम, लॅपटॉपवर कोणता पोर्ट आहे, भिंतीवरच्या पेटीत कोणते सॉकेट आहे, कनव्हर्टर कशाचे कशात रूपांतर करतो आणि प्रोजेक्टरवर 'सोर्स' (चित्र कोणत्या जोडणीतून घ्यायचे तो पर्याय) कोणता निवडला आहे, या चार गोष्टींपैकी एकही आपण लिहिलेली नाही. प्रोजेक्टर 'एचडीएमआय' (चित्र आणि आवाजाची नवी जोडणी) सोर्सवर असेल आणि वायर व्हीजीएची (जुनी, पंधरा पिनांची जोडणी) असेल, तर तो जन्मभर 'नो सिग्नल'च दाखवेल.

विनातार (सायं. ६.४०)
आजच्या काळात वायरींचा हा जंजाळ हवाच कशाला? विंडोजवर विंडोज आणि 'के' ही बटणे एकत्र दाबली की बिनतारी जोडणी होते. मी दोन वर्षांत एकदाही वायर हाती घेतलेली नाही.

तारतंत्री (सायं. ६.४८)
विनातार, त्यासाठी समोरच्या यंत्रात मिराकास्टची, म्हणजे बिनतारी चित्र घेण्याची, सोय असावी लागते. जुन्या प्रोजेक्टरमध्ये ती नसते, आणि त्यासाठी मिळणारे डोंगल (बाहेरून लावायचे छोटे यंत्र) एचडीएमआय सॉकेटातच बसते. आधी सॉकेट कोणते आहे ते कळू द्या.

भूगोलवाली (रात्री ८.०५)
भिंतीवर निळे, पंधरा भोकांचे सॉकेट आहे. लॅपटॉपवर एचडीएमआय आहे. सोर्स 'कॉम्प्युटर' असाच आहे, कारण तो कोणी बदललेलाच नाही. कनव्हर्टर व्हीजीए आणि एचडीएमआयचा आहे, हे उघडच आहे.

सेवानिवृत्त मास्तर (रात्री ८.२०)
आमच्या वेळी ओव्हरहेड प्रोजेक्टर असे. पारदर्शक कागदावर पेनाने नकाशा काढायचा, काचेवर ठेवायचा आणि बटण दाबायचे. बिघडला तर दिवा बदलायचा, एवढेच. बाईंनी मोसमी वारे फळ्यावर रंगीत खडूने काढले, तर प्राचार्य अधिक खूश होतील असे वाटते.

पाऊलवाट (रात्री ८.३५)
लॅपटॉप कंपन्यांनी व्हीजीए सोडून दिले, त्याला आता बरीच वर्षे झाली. आयबीएमने ते १९८७ मध्ये आणले; २०१० च्या डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे या जुन्या प्रोजेक्टरवर पैसे घालवण्यापेक्षा महाविद्यालयाला स्पर्शाने चालणारे मोठे पॅनेल घ्यायला लावा.

भूगोलवाली (रात्री ८.४१)
पॅनेल सोमवारपर्यंत येणार नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर कोणाकडे आहे का?

पाऊलवाट (रात्री ८.५५)
तर मग छतावरच्या प्रोजेक्टरच्या पाठीमागे एचडीएमआय सॉकेट आहे का ते पाहा, बहुधा असते. तिथून थेट लांब वायर टाकली की कनव्हर्टरची कटकटच संपते.

तारतंत्री (रात्री ९.१०)
छतावरून भिंतीने टेबलापर्यंत यायला सहज बारा-पंधरा मीटर लागतात. एवढ्या लांबीची साधी एचडीएमआय वायर चाललीच तर नशीब. एरवी चित्र लुकलुकते किंवा येतच नाही. इतक्या लांबीला 'अॅक्टिव्ह', म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली, वायर घ्यावी लागते आणि तिला दिशा असते, म्हणजे कोणते टोक लॅपटॉपला आणि कोणते प्रोजेक्टरला हे ठरलेले असते. उलटी ओवली तर छतातून पुन्हा काढा.

मॅडम, आता दोनच गोष्टी सांगा. विंडोज आणि 'पी' ही बटणे दाबून 'डुप्लिकेट' (दोन्हीकडे एकच चित्र) निवडल्यावर काय होते? आणि कनव्हर्टर भिंतीतल्या सॉकेटात नेमका कसा बसला?

भूगोलवाली (रात्री ९.२५)
'पी'चे चारही पर्याय करून पाहिले. दुसरा पडदा सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. कनव्हर्टर भिंतीत थेट बसला. त्याच्या पिना सॉकेटात घट्ट गेल्या, आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉपची एचडीएमआय वायर लावली. त्याला एक छोटी यूएसबी वायरही लोंबते. ती कशासाठी आहे हे न कळल्यामुळे तशीच सोडली आहे.

तारतंत्री (रात्री ९.३३)
सापडले. आपला कनव्हर्टर उलट्या दिशेचा आहे.

आपल्याला एचडीएमआयचे व्हीजीए करणारा हवा. त्याला बहुतेक वेळा लॅपटॉपच्या बाजूला एचडीएमआयचे टोक असते आणि दुसऱ्या बाजूला पिना नसून पंधरा भोके असतात. आपल्याकडे व्हीजीएच्या पिना आणि एचडीएमआयचे भोक असलेला आहे, म्हणजे तो जुन्या लॅपटॉपचे चित्र नव्या टीव्हीवर नेण्यासाठी आहे. लोंबणारी यूएसबी वायर त्याला वीज देण्यासाठी असते. तो भिंतीत चपखल बसला, हाच घोटाळा झाला. लॅपटॉपही सिग्नल पाठवतो आहे आणि कनव्हर्टरचे ते भोकही पाठवण्यासाठीच आहे. घेणारे कोणीच नाही. म्हणूनच लॅपटॉपला दुसरा पडदा सापडत नाही. व्हीजीए ॲनालॉग आणि एचडीएमआय डिजिटल असल्यामुळे आतली चिप एकाच दिशेने काम करते.

भूगोलवाली (रात्री ९.४०)
दुकानदार म्हणाला होता की तो दोन्हीकडून चालतो.

विनातार (रात्री ९.४४)
दुकानदार तसे म्हणतातच. मी म्हणूनच वायर वापरत नाही.

अनुस्वार (रात्री १०.०२)
सादरीकरण मराठीत असेल तर टंक तपासून घ्यावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, तर 'मोसमी वारे' ऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. सर्व मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकित करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

भूगोलवाली (रात्री १०.०६)
लॅपटॉप माझाच आहे आणि टंक युनिकोडच आहे. टंकाबद्दल मी विचारलेच नव्हते.

भूगोलवाली (शनिवार, दु. १२.५०)
नवा कनव्हर्टर आणला. त्यापासून भिंतीपर्यंतची वायर संगणक कक्षातील जुन्या मॉनिटरची काढून घेतली. चित्र आले! परंतु पांढरी पार्श्वभूमी पिवळी दिसते, व्हिडिओचा आवाज लॅपटॉपमधून येतो की कुठेच येत नाही हे कळत नाही, आणि माझी टिपणे मुलांसमोर पडद्यावर दिसतात. शिवाय वायरीच्या टोकातील एक पिन गायब आहे.

तारतंत्री (दु. १.१५)
गायब पिन मधल्या ओळीतील चौथी असेल, तर काळजी करू नका. ती नववी पिन असते आणि पुष्कळ वायरींत मुळातच बसवलेली नसते. पांढरे पिवळे दिसते, याचा अर्थ निळा रंग पोहोचत नाही. निळा तिसऱ्या पिनेवरून जातो, म्हणजे वरच्या ओळीतील बरोबर मधल्या. ती वाकलेली आहे का ते पाहा, आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. लोक ते शोभेचे समजतात.

आवाज व्हीजीएतून जातच नाही. कनव्हर्टरवर हेडफोनचे भोक असेल तर तिथून, नाहीतर थेट लॅपटॉपवरून, स्पीकरला वायर न्या. एचडीएमआय जोडल्यावर विंडोज अनेकदा आवाज आपोआप तिकडे वळवते, म्हणून खालच्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हावरून योग्य साधन निवडा. टिपणांसाठी विंडोज आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' (लॅपटॉप आणि पडद्यावर वेगवेगळे चित्र) निवडून सादरीकरण सुरू करा. बाजू उलट्या झाल्या असतील तर प्रेझेंटर व्ह्यूमध्ये (टिपणे फक्त सादरकर्त्याला दाखवणाऱ्या दृश्यात) 'स्वॅप' हा पर्याय मिळेल. पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत असतील, तर प्रोजेक्टर चारास तीन प्रमाणाचा, म्हणजे १०२४ गुणिले ७६८ चा असावा. पट्ट्यांनी काही बिघडत नाही.

पाऊलवाट (दु. १.३०)
पॅनेल असते तर यातले काहीच झाले नसते.

तारतंत्री (दु. १.३४)
पॅनेलवर चित्र एचडीएमआयने जाते, पण स्पर्श चालण्यासाठी वेगळी यूएसबी वायर लावावी लागते. ती विसरून 'पॅनेल बिघडले' म्हणणारे किती फोन मला येतात, हे विचारू नका.

भूगोलवाली (दु. २.४०)
मधलीच पिन वाकलेली होती. प्रयोगशाळेतील चिमट्याने हळूच सरळ केली. आता पांढरे पांढरेच दिसते. आवाज स्पीकरमधून येतो आणि टिपणे फक्त मला दिसतात. तारतंत्री यांचे मनापासून आभार. चुकीचा कनव्हर्टर दुकानदार परत घेत नाही. कोणाला जुना लॅपटॉप नव्या टीव्हीला जोडायचा असल्यास सांगावे.

सेवानिवृत्त मास्तर (दु. ३.०५)
बाई, तो मला चालेल. माझा जुना लॅपटॉप टीव्हीला लागत नाही.

तारतंत्री (दु. ३.०८)
मास्तर, लॅपटॉपवर निळे सॉकेट आहे ना?

सेवानिवृत्त मास्तर (दु. ३.२०)
रंग आठवत नाही. लॅपटॉप सध्या नातवाकडे नाशिकला आहे.